अण्णांच्या वहीतला चवीचा रकाना

निपाणीच्या बाजारात फुलवाल्यांच्या पाटीत तोंड घालणाऱ्या शेळ्या पुष्कळ होत्या. पण शेवंती खाण्यात त्यांतली एकही माझा हात धरू शकली नसती. पांढरी खाल्ली, पिवळी खाल्ली, विटकरी खाल्ली, जांभळट खाल्ली. कच्ची चावली, उकळून प्यालो, सुकवून ठेवलेली भिजवून पुन्हा प्यालो. लोकांनी देवाला वाहायची आणि बायकांनी केसांत माळायची फुलं मी तीन हिवाळे रिकाम्या पोटी चघळत बसलो होतो. आणि हौस म्हणून नव्हे हं! मला या कामाला अण्णांनी जुंपलं होतं.

अण्णा म्हणजे आमच्या हायस्कुलातले सायन्सचे मास्तर. सगळी निपाणी त्यांना अण्णाच म्हणायची, आमचे हेडमास्तरसुद्धा. मी तिथं ड्रॉइंग शिकवायला रुजू झालो तेव्हा लढाईचे दिवस होते आणि राहायला अण्णांच्याच घरातली पुढची खोली मिळाली. अण्णा चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले, चाळिशीचे, बिनलग्नाचे. अंगानं काटकुळे. धोतराचा सोगा एका हातात धरून चालायचे. चालायचे कसले, पळायचेच! वर्गाच्या दारातून फळ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांचा निम्मा धडा सांगून झालेला असायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला मनगट धरून प्रयोगशाळेत नेलं. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि चहाच्या दुकानातून मागून आणलेले ग्लास. पांढऱ्या शेवंतीचं एक फूल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "चित्रकार न्हवं तू? मग ह्याचा रंग सांग."

"पांढरा."

"नक्की?"

"अहो अण्णा, पांढऱ्याला पांढरं म्हणू नको तर काय म्हणू?"

त्यांनी एका बाटलीत नवसागर टाकला, वर ओला चुना घातला आणि फूल बाटलीच्या तोंडावर धरलं. माझ्या नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बघतो तर काय, फूल पिवळं! पाकळीच्या टोकापासून आतपर्यंत हळद लावल्यासारखं पिवळं होत चाललेलं. मी ओरडलोच. अण्णा माझ्याहून मोठ्यानं ओरडले; आणि हा प्रयोग त्यांनी त्याआधी निदान शंभर वेळा केला असेल.

"बघितलास? पिवळं आतच होतं रं! लपून बसलेलं! आपल्या डोळ्यांला दिसत न्हाय म्हणून न्हाय म्हणायचं व्हय?"

"पण हे माणसाच्या पोटात गेलं तर काय करतं?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

अण्णांनी दोन्ही तळहात खसाखसा चोळले. "माहीत न्हाय!"

हे 'माहीत न्हाय' अण्णा ज्या आनंदानं म्हणायचे, तो आनंद लोकांना मुलगा झाल्याची तार आल्यावर होतो. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, म्हणजे ती अजून शोधायची शिल्लक आहे, एवढ्यावर हा माणूस चार-चार दिवस खूश असायचा.

वेड कुठून लागलं ते त्यांनीच सांगितलं. एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की चीन-जपानात लोक शेवंती खातात, चहासारखी पितात, डोळ्यांना आणि डोक्याला थंड म्हणून म्हाताऱ्यांना देतात. बास! "तिकडं लोक ताटात घेत्यात आणि आपण सकाळची फुलं संध्याकाळी उकिरड्यावर! त्यात काय हाय काय न्हाय, बघाय नको व्हय?" तेव्हापासून संकेश्वर, गडहिंग्लज, बेळगाव, जिथून मिळेल तिथून शेवंतीचे वाण यायला लागले. शेवटी अकरा वाण जमले.

एक मोठी आखीव वही होती. पानाच्या वरच्या बाजूला फुलाचं चित्र, ते माझ्याकडे. खाली रकाने. चुना लावल्यावर रंग काय होतो, लिंबू पिळल्यावर काय होतो. जांभळट फूल लिंबानं लालभडक व्हायचं आणि चुन्यानं चक्क हिरवं. हिराकसाचं पाणी घातलं की काढा काळपट पडायचा. म्हणजे चहात असतं तसलं तुरट द्रव्य त्यात आहे, असं अण्णा म्हणायचे. साखर आहे का बघायला मोरचुदाचं निळं औषध घालून उकळायचं. ते विटकरी झालं की अण्णा टेबलाभोवती एक फेरी मारून यायचे. पाकळ्या जाळून त्यांची राख ओली करून हळदीच्या कागदावर ठेवायचे, कागद लाल व्हायचा, म्हणजे राखेत क्षार. तांब्याच्या भांड्यातून वाफ धरून गार केली की पाण्यावर तेलाचा इवलासा थेंब तरंगायचा आणि खोलीभर कापरासारखा वास सुटायचा. त्या थेंबासाठी पाटीभर फुलं लागायची. तो थेंब बघायला अण्णा शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना बोलावून आणायचे.

आणि शेवटचा रकाना चवीचा.

आता इथं खरी गोम होती. अण्णांना फूल खायचं नव्हतं. त्यांच्याकडे फूल अभक्ष्य. त्यात किती बारीक जीव असतात, ते पोटात घालायचे नाहीत. लहानपणी त्यांच्या आव्वानं, म्हणजे आईनं, एका मुनिमहाराजांसमोर त्यांना नेम दिला होता, फूल कधी तोंडात घालणार नाही म्हणून. आव्वा जाऊन वर्षं झाली होती, पण नेम जागचा हलला नव्हता. पाणी गाळून प्यायचं, सूर्य बुडायच्या आत जेवायचं, आणि फूल खायचं नाही. पाणी गाळायची सवय इतकी मुरलेली, की काढा फडक्यातून गाळताना त्यांच्या हातून एक थेंब बाहेर जात नसे. म्हणजे बघा, शेवंतीचा रंग, वास, राख, तेल सगळं ज्याला ठाऊक, त्यालाच तिची चव ठाऊक नाही! "म्हणून तू," असं म्हणून त्यांनी माझ्या पुढ्यात पहिली पाकळी ठेवली.

नऊ वाण खाऊन झाल्यावर एकदा बोलता बोलता ते मला म्हणाले, "शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची पूड ढेकूण माराय वापरत्यात बघ."

माझा हात तोंडाशीच थांबला. "आणि हे आत्ता सांगताय?"

"ते येगळं रं! ते आपल्याकडं मिळतच न्हाय. मिळालं असतं तर लई बरं झालं असतं," असं म्हणून ते हळहळले. ढेकणांपेक्षा माझी काळजी त्यांना कितपत होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

वेड घरातच राहिलं असतं तर चाललं असतं. एका लग्नात आम्ही दोघं गेलो होतो. नवरदेवाच्या गळ्यात शेवंतीचा हार, मध्ये एक जांभळट फूल, वेगळ्याच छटेचं. मला वाटलं, अण्णा आहेर करायला पुढं झाले. छे! शेजारच्या पाहुण्याच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्यांनी तो नवरदेवाच्या छातीवरच्या फुलाला लावला. फूल भर मांडवात हिरवं झालं. नवरीकडच्या बायकांनी "अगं बाई!" केलं, नवरदेवाचा बाप काठी घेऊन उठला, "अपशकून करतोस व्हय रं मास्तरड्या!" मी मध्ये पडलो, हातापाया पडलो. आणि अण्णा मागून विचारताहेत, "हार कुठनं आणलासा? फुलं कुठल्या मळ्यातली?" जेवल्याशिवाय परत यावं लागलं. मला राग आला होता, पण वाटेत ते म्हणाले, "आपल्याकडं हा वाण न्हवता रं," आणि इतके खुलून हसले की मीही हसलो. पुढं तो मळा हुडकून त्यांनी तोही वाण आणलाच.

मग गावात बातमी फुटली की सायन्स मास्तरांकडे फुलांचा काढा मिळतो, त्यानं डोळे सुधारतात, ताप जातो. सकाळी दाराशी तांबे घेऊन माणसं हजर. दुसऱ्या कुणी गादी मांडून वैद्यकी सुरू केली असती. अण्णा उंबऱ्यावर उभे राहून हात हलवत ओरडले, "औषध न्हाय हे! ताप आलाय तर दवाखान्यात जावा. ह्यात गुण असतील, असणारच म्हणतोय मी, पण अजून माहीत न्हाय!" एक म्हातारा म्हणाला, "अण्णा, थोडं खोटंच सांगा की. बरं वाटंल." अण्णा त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "आजोबा, खोटं एकदा वहीत शिरलं की सगळी वही नासती."

मी आत खिडकीशी उभा होतो. ते वाक्य ऐकून मी चटकन मागं सरलो.

कारण तोवर मी लबाडी सुरू केली होती. त्याचं असं झालं की चव घेताना अण्णा समोर थांबायचे नाहीत. "मी हितं असलो की तू माझ्या तोंडाकडं बघून सांगतोस," असं म्हणून ते बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. एका सकाळी मला सर्दी होती, जिभेला काही कळेना. मी पाकळ्या आणि काढा खिडकीतून कोरफडीच्या कुंडीत टाकला आणि वहीत लिहिलं, 'किंचित तुरट, शेवटी कारल्याची आठवण'. अण्णा आत आले, वाचलं, आणि त्यांचे डोळे असे चमकले! "कारल्याची! वा रं वा!" पुढं मला चटकच लागली. कधी कंटाळा म्हणून, कधी पोटात कालवतं म्हणून, मी खिडकीतून ओतायचो आणि मनाला येईल ते लिहायचो. संकेश्वरच्या बारीक पिवळ्या फुलासमोर मी लिहिलं, 'आधी कडू, मग बऱ्याच वेळानं जिभेच्या मागं गोड'. अण्णांनी हे एवढं वाक्य दिवसभर घोळवलं. तेव्हा मला त्यात काहीच वाईट वाटलं नाही, उलट आपण लिहितो छान असंच वाटलं.

तिसऱ्या हिवाळ्यात बेळगावहून पत्र आलं. जिल्ह्यातल्या सायन्स मास्तरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि पुण्याहून रसायनाचे एक प्रोफेसर बघायला येणार होते. ज्याचं काम त्यांना पसंत पडेल, त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगावच्या कॉलेजची प्रयोगशाळा वापरायला मिळणार. खरी प्रयोगशाळा! खरा तराजू, खऱ्या काचा! अण्णांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, मग शिपायाला, मग फुलवालीला. आठवडाभर त्यांचा पाय जमिनीवर नव्हता.

सकाळच्या मोटारीनं आम्ही निघालो. मांडीवर वही, पायांशी अकरा वाणांची टोपली. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. तवंदी घाटात गाडीनं दम टाकला. ड्रायव्हर भट्टीत कोळसे सारायला लागला, आम्ही सगळे खाली उतरलो. अण्णा एका दगडावर बसून वही चाळत होते.

"रंग, राख, साखर हे सगळं त्या प्रोफेसराला ठाऊकच असणार," ते म्हणाले. "त्याला ठाऊक नसलेलं एकच हाय. चव! अकरा वाणांची चव, तीन वर्षं, तारीखवार. ती बघून उडंल बघ तो!"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, त्यातल्या काही चवी मी मनानं लिहिल्यात."

"मनानं म्हंजे?"

"खाल्लं नव्हतं. खिडकीतनं टाकलं होतं."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून लाल पेन्सील काढली आणि हळूच विचारलं, "कुठल्या कुठल्या?"

मी वही घेतली. पानं उलटली. दोन-तीन ओळखू आल्या, पण बाकीच्या? खरं सांगतो, माझ्या त्या सुंदर अक्षरात खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे मलाच कळेना. "अण्णा, सगळ्या आठवत नाहीत."

त्यांनी वही परत घेतली. एकेका पानावरचा शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारून खोडला. तीन वर्षं खोडायला पाव तास लागला. शेवटचं पान झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "माझं तोंड होतास रं तू."

इतकी शरम मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. बेळगाव येईपर्यंत मी टोपलीतली फुलं उगीच सारखी करत बसलो.

दुपारी हॉल भरला होता. प्रोफेसर चष्मा लावलेले, गोरे, सावकाश बोलणारे गृहस्थ. अण्णांच्या टेबलापाशी आले आणि तिथंच थांबले. पांढरं फूल पिवळं झालं तेव्हा "वा!" म्हणाले, राखेचं पान दोनदा वाचलं. मग त्यांचं बोट लाल रेघेवर आलं.

"हा रकाना का खोडला?"

"चवीचा हाय, सर. भरवशाचा न्हाय."

"पण तुम्ही वर लिहिलंय 'खाण्याजोगी शेवंती'. चव घेतल्याशिवाय खाण्याजोगी कशी म्हणायची?"

"बरोबर हाय तुमचं," अण्णा म्हणाले. "मी जैन, सर. मला फुलाचा नेम हाय. ज्यानं चव घेतली त्याच्याकडनं चूक झाली. म्हणून खोडलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी दोन हात अंतरावर उभा होतो, तरी माझ्याकडे बघितलंही नाही. प्रोफेसर "असं होय" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी पुढं झालो आणि म्हणालो, "थांबा साहेब! ती चूक करणारा मी. मी आत्ता खातो. सगळ्यांच्या देखत खातो!" आणि टोपलीतलं पहिलं फूल उचलून पाकळ्या तोंडात कोंबल्या.

हॉलमध्ये हशा पिकला. कुणी ओरडलं, "मास्तर, चारा कमी पडला काय निपाणीत!" मी लक्ष दिलं नाही. "अण्णा, लिहा. पांढरी. नुसती गवतासारखी. मागं थोडी तिखट." अण्णांची पेन्सील चालायला लागली. चूळ भरली, दुसरी. "गडहिंग्लजची. कडू जहर. काही चांगलं नाही हिच्यात." तिसरी, चौथी. लोक टेबलाभोवती गोळा झाले. आता कुणी हसत नव्हतं, उलट पुढं कुठली म्हणून टाचा उंचावून बघत होते. प्रोफेसर खुर्ची ओढून बसले होते.

सातवी संकेश्वरची बारीक पिवळी. मी चावली. कडू. आणखी चावली, कडूच. गिळली. आणि मग, देवाशपथ सांगतो, जिभेच्या मागं हळूहळू काहीतरी उमटायला लागलं.

"आधी कडू," मी म्हणालो. मला स्वतःलाच पुढचं बोलायची भीती वाटली. "मग... बऱ्याच वेळानं... जिभेच्या मागं गोड."

अण्णांची पेन्सील थांबली. हे शब्द त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी मान वर केली, चेहरा पांढराफटक. "पुन्हा खोटं बोलायलायस व्हय रं?"

"नाही अण्णा! खरंच गोड आहे!"

"हे तूच लिहिलंतास. खिडकीतनं टाकून लिहिलंतास."

मी काय पुरावा देणार? माझ्या जिभेवरचं गोड मी काढून त्यांच्या हातावर कसं ठेवू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात प्रोफेसरांनी हात पुढं करून त्याच फुलाच्या चार पाकळ्या तोडल्या आणि तोंडात टाकल्या. सगळा हॉल त्यांच्या जबड्याकडे बघायला लागला. ते चावत राहिले, तोंड वाकडं केलं, गिळलं. आम्ही थांबलो.

"कडू आहे हो," प्रोफेसर म्हणाले. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "थांबा... अरेच्चा! हे बघा, आलं. मागं. गोड आहे!"

अण्णांनी "हाऽऽ!" करून टेबलावर असा हात आपटला की ग्लास उडाला. मग त्यांनी वाकून, शाळेतल्या पोरागत जीभ दातांत धरून, ते वाक्य लिहिलं. उरलेली चार मी खाल्ली तेव्हा हॉलमधल्या निम्म्या मास्तरांच्या तोंडात शेवंती होती.

प्रयोगशाळा अण्णांना मिळाली. प्रोफेसरांनी तिथंच सांगितलं, "उन्हाळ्यात सुकवलेली फुलं घेऊन या. आणि यांनाही आणा," म्हणून माझ्याकडे बोट केलं.

परतीच्या मोटारीत मी जरा धीर करून म्हणालो, "अण्णा, म्हणजे माझं संकेश्वरचं आधीचंही बरोबरच होतं की. उगीच खोडलंत."

"ते चुकून खरं निघालं रं," अण्णा म्हणाले. "खरं तू आज बोललास." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. माझ्या छातीवरचा धोंडा तिथं उतरला.

गाडी संकेश्वरच्या पुढं आली. ऊन उतरायला लागलं होतं. वही मिटून पिशवीत ठेवली होती, तरी अण्णा माझ्याकडे सरकून बसले आणि जरा लाजत म्हणाले, "आता वहीसाठी न्हाय. मला सांग. गोड म्हंजे कसं गोड?"

मी सांगायला लागलो. गुळासारखं नाही, साखरेसारखंही नाही. ज्येष्ठमध चघळून थुंकल्यावर उरतं तसं. आधी जिभेच्या कडा आखडतात, मग घशाशी गार वाटतं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, मध्येच ओठ हलवत होते. "आणि पांढरी?" पांढरी सांगितली. "आणि लग्नातली जांभळी?" ती सांगितली. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. अकराच्या अकरा सांगितल्या, आणि संकेश्वरची पुन्हा एकदा सांगितली.

तवंदी घाट लागला तेव्हा माझं लक्ष बाहेर गेलं. सूर्य पार बुडाला होता. अण्णांच्या पिशवीतली भाकरी तशीच होती. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, आणि आता उद्यापर्यंत खाताही येणार नव्हतं.

"अण्णा!" मी ओरडलो. "अहो, तुमचं जेवण राहिलं!"

अण्णांनी डोळे उघडले, बाहेर बघितलं, आणि तळहात खसाखसा चोळले.

"असू दे रं," ते म्हणाले. "जेवलो की आत्ताच."